पावसाआधी बाईकचा टायर बदलताय? आधी गाडीजवळ बसा, मग दुकानात जा

मे महिना लागला की गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगावच्या टायरवाल्यांकडे गर्दी वाढते. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "कुठल्या कंपनीचा चांगला?" उत्तर मिळतं, टायर चढतो, पैसे दिले जातात. मग जूनमध्ये पहिल्याच वळणावर मागचं चाक सरकतं आणि दोष कंपनीला जातो. खरं तर बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं, किंवा टायर दुकानात दोन-तीन वर्षं पडून जुना झालेला असतो, नाहीतर बसवताना घाई झालेली असते. कंपनीचा प्रश्न शेवटी येतो. त्याआधीची कामं क्रमाने केलीत तर तो प्रश्न फारसा अवघड राहत नाही.

हा लेख रस्त्यावरच्या रोजच्या बाईकसाठी आहे. स्कूटरवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

## टप्पा १ : टायर खरंच संपलाय का, आणि कशामुळे?

टायरच्या कडेला, नक्षी संपते तिथे, बारीक त्रिकोण किंवा "टीडब्ल्यूआय" (TWI, म्हणजे झिजेची खूण) ही अक्षरं शोधा. त्या खुणेच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. चाक फिरवत तीन-चार जागी पाहा. मागच्या टायरचा मधला पट्टा नीट बघा, कारण राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून रोज सरळ ये-जा करणाऱ्यांचा टायर मध्येच सपाट होतो. कडेची नक्षी नवीकोरी दिसते आणि माणूस फसतो.

गोव्यापुरतं माझं मत सांगतो. मधल्या खाचेत जेमतेम दोन मिलिमीटर उरले असतील तर पावसाळा त्याच टायरवर काढू नका. कोरड्यात तो अजून चालेल, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाण्याचा थर असतो आणि ते पाणी बाजूला सारायला खाचेची खोलीच लागते.

आता वयाचं. आपल्याकडे घरटी कुणीतरी जहाजावर किंवा आखातात असतो. त्याची गाडी सहा-सहा, आठ-आठ महिने अंगणात कव्हरखाली उभी असते. नक्षी भरपूर असते, म्हणून टायर चांगला वाटतो. पण अशा टायरला अंगठ्याने बाजूला दाबा आणि रबर ताणून पाहा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, रबर दगडासारखं लागलं किंवा एकाच जागी टेकून सपाटी आलेली असली, तर किलोमीटर कितीही कमी असोत, तो टायर काढा. टायर पाच वर्षांचा झाला की दर वर्षी तपासून घ्यायचा असतो, आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी वापरायचा नाही.

तपासा : पुढच्या टायरवर लाटांसारखे खळगे पडलेत का? टायर एकाच बाजूने झिजलाय का? तसं असेल तर आधी शॉकअप, बेअरिंग आणि चाकाची सरळ रेषा मेकॅनिकला दाखवा. नाहीतर नवा टायरही तसाच झिजेल.

## टप्पा २ : गाडीकडून आकडे घ्या, जुन्या टायरकडून नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर थांबून वाचा.

योग्य माप गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, किंवा चेनगार्डवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा सीटखाली लावलेल्या स्टिकरवर. जुन्या टायरवरचं माप तेवढं पुरेसं नाही. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने काय चढवलंय ते सांगता येत नाही. गाडीच्या कंपनीचा आकडा आणि टायरवरचा आकडा वेगळा निघाला, तर गाडीच्या कंपनीचा खरा माना.

समजा आकडा आहे १००/९०-१७ ५५ पी.

१०० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या नव्वद टक्के, म्हणजे इथे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. मधली आडवी रेघ म्हणजे बायस प्लाय टायर, आतले धागे तिरपे असलेला. तिच्या जागी "आर" असेल तर तो रेडियल, आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे असलेला. ५५ हा भार-आकडा : योग्य हवा भरलेली असताना तो टायर २१८ किलो पेलू शकतो. ५४ ला २१२ किलो, ५७ ला २३०, ६२ ला २६५, ६६ ला ३००. शेवटचं अक्षर वेगाचं : पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस १८०, एच २१०.

भार-आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा वरचं चालतं, खालचं चालत नाही. "आपण कुठे दीडशेने पळवतो?" म्हणून वेगाच्या अक्षराकडे दुर्लक्ष होतं, पण भार-आकड्याकडे दुर्लक्ष करणं त्याहून महागात पडतं. मागे माणूस बसला की त्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं. पायलटचा (मोटरसायकल टॅक्सीचा) धंदा करणाऱ्यांनी तर हा आकडा पाठच करावा. दिवसभर मागे प्रवासी, वर त्याची बॅग, आणि चढ-उताराचे रस्ते. स्वस्तात मिळाला म्हणून एक पायरी खालचा टायर घेतला की तो तापतो आणि लवकर खराब होतो.

जुन्या गाड्यांवर माप इंचांत असतं, जसं २.७५-१८. त्याच्या जागी आता सहसा ८०/१००-१८ मिळतो आणि तो बसतो. पण असे जोड तोंडी सांगण्यावरून घेऊ नका. भार-आकडा जुळतो का ते बघूनच घ्या.

### रुंद टायरचा मोह

"मागे जरा जाड टाकूया, गाडी भारी दिसेल" ही गोव्यातली तरुण पोरांची आवडती चूक. १००/९०-१७ च्या जागी १२०/८०-१७ टाकलात तर चाकाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे दोन टक्के. स्पीडोमीटर मागच्या चाकावरून चालत असेल तर तो तेवढा कमी वेग दाखवायला लागतो. पण खरा घोटाळा रिमवर होतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचे दोन्ही काठ आत ओढले जातात, वरचा आकार टोकदार होतो, आणि वळताना रस्त्याला टेकणारं रबर वाढायच्या ऐवजी कमी होतं. चेन किंवा मडगार्ड घासतो तो वेगळाच. दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना चालू असते. तिथे व्यास बिघडला की त्या यंत्रणेचाही हिशोब बिघडतो.

रिमवर तिची रुंदी कोरलेली असते, उदाहरणार्थ २.१५ x १७. कोणता टायर किती रुंदीच्या रिमवर बसतो हे टायर कंपन्यांच्या तक्त्यात दिलेलं असतं. गाडीच्या कंपनीने एखादं दुसरं माप मान्य केलेलं असेल तर खुशाल घ्या. नसेल तर मूळ मापच घ्या.

### ट्यूब की ट्यूबलेस?

टायरच्या बाजूला आणि रिमवरही हे लिहिलेलं असतं. साध्या आऱ्यांच्या चाकाला आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून तिथे ट्यूब हवीच. ट्यूबलेस टायर आऱ्यांच्या रिमवर ट्यूब टाकून चालवणारे आहेत, पण पंक्चर झाल्यावर हवा ट्यूबसारखीच एकदम जाते. ट्यूबलेसचा फायदा मिळाला या भ्रमात राहू नका. उलटंही टाळा : अलॉय रिम गळते म्हणून आत ट्यूब टाकून देणं. गळण्याचं कारण तसंच राहतं आणि चाक जास्त तापतं.

तपासा : दुकानात जाण्याआधी मोबाईलमध्ये चार फोटो हवेत : स्टिकरवरचं माप, स्टिकरवरची हवा, पुढच्या टायरची बाजू, मागच्या टायरची बाजू.

## टप्पा ३ : तुमचा रस्ता कोणता?

दुकानदार रस्त्याची नक्षी, ऑन-ऑफ नक्षी (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हींसाठीची) आणि मऊ रबराचे स्पोर्ट टायर असे प्रकार दाखवेल.

गोव्यातल्या दहातल्या नऊ जणांना रस्त्याच्या नक्षीचा टायरच लागतो, असं माझं ठाम मत आहे. मध्यापासून कडेपर्यंत तिरप्या जाणाऱ्या, पाणी बाहेर फेकणाऱ्या सलग खाचा बघा. ऑन-ऑफ टायरचे मोठाले गुट्टे दिसायला दणकट असतात, पण ओल्या डांबरावर गुट्ट्यांच्या मधली जागा रस्त्याला टेकतच नाही. रोज सत्तरी-सांग्याच्या बागायतीत, चिऱ्याच्या कच्च्या वाटेने जाणं-येणं असेल तर तो टायर घ्या. आठवड्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर जायचं म्हणून बाकी सहा दिवस डांबरावर पकड कमी करू नका.

मऊ रबर ओल्यात चांगलं धरतं, पण लवकर झिजतं. चोर्ला किंवा अनमोड घाटातून नेहमी जाणाऱ्याला ते परवडतं. पणजी-म्हापसा नोकरीवर जाणाऱ्याला मधल्या प्रतीचा टायर जास्त सुखाचा.

एक गोष्ट टायरकडून मागू नका. फेरीबोटीत चढताना लोखंडी फळी आणि धक्क्याचा उतार ओला असतो, भरतीच्या पाण्याने त्यावर शेवाळ धरतं. तिथे कुठलाच टायर धरत नाही. गाडी सरळ ठेवायची, पाय खाली, पहिला गिअर, आणि पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलांच्या लोखंडी सांध्यांवरही तसंच. "फेरीवर घसरतो, म्हणून महाग टायर टाकला" असं सांगणारे भेटतात. तो खर्च वाया गेला.

### एक बदलू की दोन्ही?

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो, त्यामुळे फक्त मागचा बदलणं चूक नाही. अट एवढीच की पुढच्याची नक्षी आणि वय दोन्ही शाबूत असावं, आणि दोघे एकाच जातीचे असावेत. एक रेडियल, दुसरा बायस असं मिश्रण गाडीच्या कंपनीने दिलेलं असेल तरच ठेवा. यामाहा आर१५ च्या अलीकडच्या गाड्यांना कंपनीकडूनच मागे रेडियल येतो. तिथे तेच बरोबर. स्वतःहून तसा जोड जुळवू नका.

सावध : मागे नवा आणि पुढे गुळगुळीत, ही जोडी सगळ्यात वाईट. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं आणि पाणीही पहिलं पुढचंच चाक कापतं.

## टप्पा ४ : दुकानात, पैसे देण्याआधी

आधी फोन करून माप, भार-आकडा आणि उत्पादनाची तारीख विचारा. तारीख सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका.

तारीख टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकड्यांत असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा, जूनची सुरुवात. कधीकधी ती एकाच बाजूला असते, म्हणून टायर उलटा करून पाहा. मी एका वर्षाच्या आतला मागतो. सावलीत, उभा ठेवलेला दीड वर्षाचा टायर वाईट नसतो, पण दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला सहा महिन्यांचाही मी घेणार नाही. उसगावात टायरचा कारखाना आहे म्हणून फोंड्यातल्या प्रत्येक दुकानात ताजा माल असेल असं समजू नका. तारीख वाचायचीच.

बाजूला आयएसआयचं चिन्ह आणि आयएस १५६२७ हा क्रमांक असावा. दुचाकीच्या टायरचं भारतीय मानक ते. रबर चढवून किंवा खाचा पुन्हा कोरून काळा पॉलिश मारलेले टायर स्वस्तात मिळतात. खाचांच्या तळाशी बोट फिरवा. खडबडीत, वेडीवाकडी कापलेली खाच लागली तर तो टायर तिथेच ठेवा. भाड्याच्या गाड्यांचे काढलेले "अर्धे चांगले" टायरही नकोत. आत किती पंक्चर काढलेत ते बाहेरून कळत नाही.

आता कंपनीचा प्रश्न. एमआरएफ, सिएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप, मिशलिन, पिरेली यांपैकी ज्याच्याकडे तुमच्या मापात, योग्य भार-आकड्यात, ताजा आणि योग्य नक्षीचा टायर आहे, तो घ्या. नावापेक्षा हे चार निकष मोठे.

तपासा : बिलावर माप आणि तारखेचे चार आकडे लिहून घ्या. पुढे वॉरंटीचं बोलणं झालं तर हाच कागद कामाला येतो.

## टप्पा ५ : बसवताना शेजारी उभे राहा

चहाला जाऊ नका. चांगला कारागीर तुमच्या उभं राहण्याचा राग मानत नाही.

रिम आतून पाहा. टायर निघाल्यावर लगेच. खाऱ्या हवेमुळे आपल्याकडे लोखंडी रिम आतून गंजतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीत तर पापुद्रे सुटतात. आऱ्यांच्या चाकात ते पापुद्रे आणि आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचतात. गंज घासून काढायचा आणि रिमपट्टी नवी टाकायची. अलॉयच्या काठाला पांढरी भुकटी धरते, तिथूनच ट्यूबलेस हळूहळू गळतो. तीही बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्या. रिम फिरवून आऊट, म्हणजे वाकडी आहे का, तेही याच वेळी दिसतं.

ट्यूब आणि व्हॉल्व नवे. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घड्या पडतात आणि तिथेच ती फाटते. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व वाकवून बघा, बुडाशी भेगा दिसल्या तर बदला. खर्च किरकोळ आहे.

हब रबर आणि बेअरिंग. मागचं चाक बाहेर आहे तोवर हब रबर (चाकाच्या हबमध्ये, चेनच्या चक्राच्या बाजूला बसणारे धक्के शोषणारे रबर) दाबून बघा, बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर आत्ताच बदला, दुसऱ्यांदा चाक काढण्याची मजुरी वाचते.

दिशा. टायरच्या बाजूला बाण असतो. काही टायरवर पुढे लावताना एक बाण आणि मागे लावताना दुसरा, असे दोन असतात. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला बाण हवा. उलटा बसला तर पाणी बाहेर फेकण्याऐवजी खाचा ते आत ओढतात.

पिवळा ठिपका. असला तर तो व्हॉल्वच्या समोर येऊ द्या. ती टायरची हलकी बाजू असते.

साबणाचं पाणी, तेल नाही. काठ सरकायला ग्रीस किंवा डिझेल लावणारे अजून आहेत. रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकू शकतो.

ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरलेली हवी, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. डिस्कचं चाक जमिनीवर डिस्क खाली करून ठेवू देऊ नका. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅड चिकटून बसतात.

हवा भरल्यावर दोन्ही काठ "फट्" आवाज करून बसतात. मग टायरच्या बाजूला रिमच्या अगदी लगत एक बारीक उंच रेघ दिसते. ती सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर हवी. एखाद्या जागी ती रिमच्या आत बुडालेली दिसली तर काठ बसलेला नाही. हवा काढा, साबणपाणी लावा, पुन्हा भरा. जास्त हवा कोंबून काठ बसवण्याचा हट्ट करू देऊ नका, बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापुढे जाणं धोक्याचं आहे.

महामार्गावर जास्त वेगाने जाणाऱ्यांनी बॅलन्सिंगही करून घ्यावं.

## टप्पा ६ : किल्ली फिरवण्याआधी

मागचं चाक काढलं असेल तर चेनची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे आहे का ते पाहा, आणि दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्याच घरात आहेत का तेही. एक घर इकडे-तिकडे झालं की चाक तिरकं चालतं.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला धरणारी लांब पट्टी आणि तिचा नट बघा. हा नट विसरला गेला तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. गर्दीच्या दिवसांत हीच चूक होते, म्हणून स्वतः पाना लावून बघा. एक्सलचा नट घट्ट आणि जिथे स्प्लिट पिन असते तिथे ती नवी.

डिस्क ब्रेकचा लिव्हर चार-पाच वेळा दाबा, टणक लागेपर्यंत. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. घासण्याचा आवाज नको, डुलणं नको. एबीएस असेल तर थोडं पुढे गेल्यावर त्याचा दिवा विझायला हवा. विझला नाही तर सेन्सर तपासून घ्या.

## टप्पा ७ : पहिले दीडशे किलोमीटर

नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो. साधारण पहिले दीडशे किलोमीटर मोठा ब्रेक, जोराचा गिअर आणि तिरकी वळणं टाळा. दर दिवशी थोडं थोडं जास्त वाकवत न्या, म्हणजे कडाही खरवडल्या जातात. म्हणूनच टायर मेच्या मध्यापर्यंत बदलून घ्या. कोरड्या रस्त्यावर तो तयार होतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि लाल धूळ मिळून निसरडा चिखल होतो, त्या दिवशी चकचकीत नव्या टायरवर निघणं बरं नव्हे.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी निघण्याआधी किंवा गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर. बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी मोजा. ट्यूबलेसमध्ये आकडा उतरला असेल तर काठाला आणि व्हॉल्वला साबणपाणी लावून फुगे बघा. "पावसात पकड यावी म्हणून हवा कमी करतो" हा समज सोडा. हवा कमी झाली की खाचा मिटतात आणि पाणी जायला वाटच राहत नाही. स्टिकरवरचा आकडा पावसातही तोच, मागे माणूस असताना वेगळा दिला असेल तर तो. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, खिशात मावणारा स्वतःचा गेज ठेवा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

पहिल्या आठवड्यानंतर चेन, एक्सलचा नट आणि आऱ्यांच्या चाकात आऱ्यांचा ताण पुन्हा एकदा पाहून घ्या.

जुना टायर दुकानातच सोडा. घरी आणलात आणि परसात पडला, तर जूनमध्ये त्यात पाणी साठून डेंग्यूचे डास होतात. झोपाळ्यासाठी किंवा झाडासाठी हवाच असेल तर आणल्या दिवशी त्याला खालून चार-पाच मोठी भोकं पाडा.